आंबा हिरवा आहे? बरोबर आलाय

गेल्या जानेवारीत पुण्यात शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात माझ्या एका कामाचं प्रूफ वाचत बसलो होतो. देवगडहून एक जोडपं आलं. रात्रीच्या गाडीनं आल्याचं दोघांच्या डोळ्यांवरून कळत होतं. काकांच्या हातात कापडी पिशवी होती, पिशवीत गेल्या वर्षीच्या पत्रकांचा एक गठ्ठा, सुतळीसुद्धा न सोडलेला. दोन हजार छापली होती म्हणाले. थोडी वाटली, बाकीची खाटेखाली राहिली, आणि मे महिन्यात पेंढा कमी पडला तेव्हा तीच पेटीच्या तळाला अंथरली.

"म्हणजे वापरली गेली की," काउंटरवरच्या ताई म्हणाल्या. हसू आलं नाही कुणालाच.

या ताई म्हणजे त्या छापखान्याचा डीटीपी विभाग. वडील खिळे जुळवायचे. ह्यांनी त्याच खोलीत आधी श्री-लिपी, मग कोरलड्रॉ असं करत आजपर्यंत मजल मारली. लग्नपत्रिका, वास्तुशांत, क्लासची पत्रकं, पोळीभाजी केंद्राचे दर, फिजिओथेरपी, वधूवर मेळावे. छोट्या धंद्यांचं पुणं या बाईंच्या स्क्रीनवरून गेलेलं आहे. माझा आणि त्यांचा संबंध मजकुरापुरता. कुणाला लिहून हवं असलं की त्या मला फोन करतात, आणि मी लिहिलेल्यातलं निम्मं कापतात.

त्यांनी सुतळी सोडली, एक पत्रक काढलं आणि काउंटरवर उलगडलं. सर्वात वर '॥ श्री कुणकेश्वर प्रसन्न ॥'. त्याखाली हार घातलेला वडिलांचा फोटो, 'आमचे प्रेरणास्थान'. त्याखाली काका, हात जोडून. मग बागेचं नाव, तांबड्या अक्षरांत, भोवती पिवळी कड, कडेला पुन्हा काळी सावली. मग चार मोबाइल नंबर. 'अस्सल', 'दर्जेदार', 'रास्त दर', 'विनम्र सेवा' आणि शेवटी 'एकदा अवश्य भेट द्या'. पुण्यातल्या माणसानं आंब्यासाठी देवगडला एकदा अवश्य भेट द्यायची होती! आंबा पहिल्या पानावर नव्हताच. आत होता, आणि त्याच्या गालावर छान लाली होती.

ताईंनी त्या फोटोवर बोट ठेवलं. "काका, हा तुमचा नाही."

काकांनी चष्मा लावून पाहिलं. नेटवरून घेतलेला कुठल्यातरी परदेशी जातीचा आंबा देवगड हापूस म्हणून दोन हजार वेळा छापला गेला होता, आणि ज्यांचा जन्म कलमांखाली गेला त्यांच्याही ते वर्षभर लक्षात आलं नव्हतं. याचा अर्थ एवढाच, की ते पत्रक त्यांनीही वाचलं नव्हतं.

मग ताईंनी एक प्रश्न विचारला. तो मी त्यांच्या तोंडून पूर्वीही ऐकला आहे, प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात. रंग कुठला हवा, बजेट किती, हे नंतर. आधी हे: "फोन कोण उचलतं?"

काका म्हणाले, "मंडळी."

काकू तोवर स्टुलावर गप्प बसल्या होत्या. "फोन मीच घेतंय," त्या म्हणाल्या. "हे बागेत, नायतर झाडावर."

"काय विचारतात लोक?"

"आंबो कधी येतलो, पेटीत कितीक आसा, नि खराब निघालो तर काय."

"वही आहे?"

होती. घरी होती. शंभर पानी, ऑर्डरची. नाव, पत्ता, किती डझन, पैसे आले की बरोबरची खूण. पण काकूंना सवय अशी, की फोनवर कुणी काही वेगळं विचारलं तर ते समासात लिहून ठेवायचं, म्हणजे रात्री नवऱ्याला विचारता येतं. ताईंनी त्या समासांचे फोटो मागवले. आठ दिवसांनी मुलानं व्हॉट्सॲपवर तीसेक पानं पाठवली. पेन्सिलीनं लिहिलेली, काही ओळी खोडलेल्या. त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं चहा घेत ते समास वाचत बसलो आणि मला मजकूर लिहायचं कारणच उरलं नाही.

समासांत सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य तक्रारीचं होतं. 'हिरवे आले म्हणतात.' पेटी उघडली की आत हिरवेगार, दगडासारखे आंबे. पैसे आधीच दिलेले. माणूस घाबरतो आणि फोन करतो. खरं तर चांगल्या बागायतदाराचा आंबा हिरवाच यायला हवा. फळ चौदा आणे तयार झालं की देठासह उतरवतात. त्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठानं काढलेला नूतन झेला हे काढणीचं अवजार आता बऱ्याच बागांतून दिसतं. देठ राहिला की चीक फळावर ओघळत नाही, डाग पडत नाहीत. काढल्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत फळ आपल्या गतीनं पिकतं. पेटीत पिवळाधमक आंबा आला तर उलट विचारायला हवं, की बाबा हा इतक्या लवकर पिवळा कसा झाला. पण हे शहरातल्या माणसाला कुणी सांगितलेलं नसतं. काकू मात्र दर हंगामात दिवसातून कितीतरी वेळा हेच सांगत होत्या, आणि त्यांचं फोनवरचं ठरलेलं उत्तरही समासात होतं: 'हिरवो म्हणजे बरोबर आसा.'

ताईंनी ते प्रमाण मराठीत केलं, पेटीत घालायच्या नव्या पत्रकाच्या मुखपानावर ठेवलं, आणि मुखपानावर दुसरं काहीही ठेवायचं नाही असं जाहीर केलं. 'आंबा हिरवा आहे? बरोबर आलाय.' खाली देठासह एक हिरवा हापूस, काकांच्याच बागेतला, मुलानं सकाळच्या उन्हात काढलेला.

काकांना ते आवडलं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. पैसे आपण द्यायचे, आणि आपलं नाव मागच्या पानावर?

छोट्या धंद्याच्या पत्रकांची बहुतेक फसगत या एका जागी होते, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. पत्रक छापणारा ते स्वतःसाठी छापतो. देव, वडील, गुरुजी, उद्घाटनाला आलेले नगरसेवक, सगळ्यांचं ऋण त्याला त्या एका कागदावर फेडायचं असतं. त्यात वाईट काही नाही. वीस वर्षं राबून माणसानं काही उभं केलेलं असतं, ते कुठंतरी छापून यावं असं वाटणारच. पण मग त्याची तसबीर करून दुकानात लावावी. गिऱ्हाइकाच्या हातात जाणारा कागद गिऱ्हाइकाच्या मनात त्या क्षणी काय चाललं आहे तिथून सुरू व्हावा लागतो, आणि ते मालकाला सहसा ठाऊक नसतं. फोन उचलणाऱ्याला, काउंटरवरच्या मुलीला, डिलिव्हरीच्या पोऱ्याला ठाऊक असतं.

गिऱ्हाइकाच्या मनातली शंका किती बलवान असते याचं आपल्याकडचं जुनं उदाहरण किर्लोस्करांच्या नांगराचं. लक्ष्मणरावांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तो लाकडी नांगरापेक्षा खोल जात होता, आणि तरी शेतकरी घेईना. का, तर लोखंडानं जमीन विषारी होईल. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. 'मजबूत', 'टिकाऊ', 'रास्त' असे शब्द कितीही छापले असते तरी त्या भीतीला त्यांचा स्पर्शही झाला नसता. पुढं १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं ते मुळात कारखान्याचं पत्रकच, आपल्या मालाची आणि कारखान्याची खबर देणारं. त्याचं पुढं मराठीतलं एक महत्त्वाचं मासिक झालं. कारखान्याच्या जाहिरातीतून मासिक उगवल्याची अशी उदाहरणं फार नसावीत. आजचे बरेचसे दिवाळी अंक उलट्या वाटेनं चाललेले आहेत, पण तो वेगळा विषय.

तर काकांची समजूत काकूंनी घातली. "नाव वाचून कोण फोन करता? आंबो बघून करतत."

पुढचा आठवडा घडीत गेला. तीन घडीचं पत्रक म्हणजे कागद तीन सारख्या भागांत वाटायचा, एवढंच बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. आडवा धरलेला ए४ कागद २९७ मिलिमीटर लांब, तिनानं भागलं तर प्रत्येकी ९९. पण तसं केलं तर आत दुमडायचं पान बाकीच्या दोघांमध्ये अडतं, फुगतं, त्याची कड वळते. म्हणून आतलं पान ९७ आणि उरलेली दोन १००-१०० ठेवायची. हे गणित ज्यानं मुळात केलेलं नसतं त्याचं पत्रक हातात घेताक्षणी ओळखू येतं. घडी कधीच नीट बसत नाही आणि मजकूर घडीवर चढलेला असतो.

दुसरी गोष्ट, माणूस ते उघडतो कसं. आधी मुखपान. ते उलटलं की डावीकडं आतलं पहिलं पान आणि उजवीकडं आत दुमडलेलं ते ९७ मिलिमीटरचं पान, दोन्ही एकदम समोर येतात, आणि नजर आधी उजवीकडं जाते. ते पान उघडलं तरच आतली तिन्ही पानं सलग दिसतात. बहुतेक पत्रकांत त्या दुमडलेल्या पानावर 'आमच्याविषयी' असतं. म्हणजे ज्या जागी सगळ्यात जास्त नजर पडते तिथं सगळ्यात कंटाळवाणा मजकूर. ताईंनी तिथं घातलं: 'आता काय करायचं?' पेटी लगेच उघडा. आंबे अढीत एकाशेजारी एक ठेवा, एकावर एक नको. फ्रिजमध्ये नको. देठाजवळ वास सुटला, साल किंचित सुरकुतली, की तयार. खाण्याआधी अर्धा तास पाण्यात. सहा ओळी, मोठ्या अक्षरांत, आजीलाही चष्म्याशिवाय वाचता येतील अशा.

आतल्या तीन पानांसाठी भांडण झालं. समासात वारंवार येणारा दुसरा प्रश्न साक्याचा होता. हापूस वरून सोन्यासारखा, आणि कापला तर आत पांढरट, स्पंजासारखा, बेचव गाभा. बाहेरून तो ओळखता येत नाही, बागायतदारालाही नाही. गिऱ्हाईक म्हणतं फसवलं. ताईंचं म्हणणं, हे छापायचं. काका ताडकन उठले. आपल्याच मालाचं वैगुण्य आपणच पैसे देऊन छापायचं?

मी, खरं सांगायचं तर, काकांच्या बाजूनं होतो. लिहिणाऱ्याला वाईट बातमी लपवायची सवय लागलेली असते. पण काकूंनी पुन्हा एका वाक्यात निकाल दिला. "नायतरी फोनवर मी तांच सांगतंय." मग लिहिलं: 'साका बाहेरून आम्हालाही दिसत नाही. कापल्यावर निघाला तर फोटो पाठवा. तेवढे आंबे पुढच्या पेटीत जास्तीचे येतील. हंगाम संपला असेल तर पैसे परत.' 'विनम्र सेवा' हे दोन शब्द काढून त्यांच्या जागी ही चार वाक्यं आली.

तिसरा प्रश्न कार्बाइडचा. कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला कायद्यानं बंदी आहे. ठरलेल्या मर्यादेत इथिलीन वायू चालतो, गवताच्या अढीला तर कुणाची हरकतच नाही. 'कार्बाइड नाही, अढीतला आंबा' एवढं लिहून झालं. पण काकांना त्यापुढं 'शंभर टक्के सेंद्रिय' हवं होतं. ताईंनी विचारलं, तुडतुड्यांना काय मारता? काकांनी औषधाचं नाव सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांचं त्यांनाच हसू आलं. सेंद्रिय म्हणायचं तर प्रमाणपत्र लागतं, आणि मोहोरावर तुडतुडे पडले असताना हात जोडून उभं राहण्याची छाती लागते. तो शब्द गेला. 'मधुमेहींनाही चालेल' हे कुणीतरी नातेवाइकानं सुचवलेलं होतं, तेही गेलं.

भौगोलिक मानांकनाचं मात्र ठेवलं, कारण काकांची नोंदणी होती. कोकणच्या हापूसला २०१८ साली हे मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. पण म्हणून या जिल्ह्यांतल्या कुणीही उठून ते बोधचिन्ह छापावं असं नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. परराज्यातला आंबा देवगडच्या खोक्यात विकला जातो हे दुखणं जुनं आहे. समासात तो प्रश्नही होता, जरा उद्धटपणे विचारलेला: 'देवगडचाच कशावरून?' त्याला उत्तर म्हणून नोंदणी क्रमांक दिला आणि बागेचा नकाशावरचा ठिपका क्यूआर कोडमध्ये टाकला.

क्यूआर कोडवरून आठवलं. हल्ली प्रत्येकाला तो हवा असतो, आणि कुणी तो गडद हिरव्यावर फिकट पिवळा काढून मागतं, कुणी बोटाच्या नखाएवढा. त्याला भोवती मोकळी पांढरी चौकट लागते, काळ्यावर पांढरा न करता पांढऱ्यावर काळा लागतो, आणि दोन सेंटिमीटरपेक्षा लहान केला तर आजोबांच्या मोबाइलला तो दिसत नाही. ताईंचा नियम असा की स्क्रीनवर तपासायचा नाही, छापील प्रूफवर तपासायचा, तोही छापखान्यातल्या सर्वात जुन्या फोननं.

अक्षरांची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण मराठी पत्रकांची निम्मी दुर्दशा तिथं आहे. नेटवर तयार साचे मिळतात, सुंदर असतात, आणि सगळे रोमन लिपीसाठी बेतलेले असतात. त्यात देवनागरी ओतली की ती गुदमरते. आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांची शेपटं. दोन ओळींत जास्त हवा लागते. इंग्रजीत जो मजकूर नऊ पॉइंटात बरा दिसतो तो मराठीत अकराला जेमतेम वाचता येतो. इंग्रजी मथळ्याला ऐट यावी म्हणून अक्षरांमध्ये अंतर सोडतात. मराठीत तेच केलं की शिरोरेखा तुटते आणि शब्दाची सुटी सुटी हाडं दिसू लागतात. आपल्याकडं कॅपिटल अक्षरंही नाहीत, त्यामुळं महत्त्वाचं काय हे ठसवायला वजन आणि आकार एवढेच दोन मार्ग. दोन्ही एकाच वेळी सगळीकडं वापरले की काहीच महत्त्वाचं राहत नाही.

त्यात युनिकोडचा गोंधळ. जुन्या फॉन्टातला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की चिनी वाटावा असा होतो. नव्या युनिकोडचा मजकूर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि भारतीय लिपीसाठीची जुळणी चालू केलेली नसली, तर ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. 'व्यवस्था'चं 'व् यवस् था' होतं. ते तसंच छापून आलेले फलक आपण रोज पाहतो. हे होऊ नये म्हणून छापायला देताना अक्षरांचं चित्र करून टाकतात, छापखान्याच्या भाषेत 'कर्व्ह करतात'. मग अक्षर हलत नाही. पण मग मोबाइल नंबर बदलायचा झाला तर तोही हलत नाही.

बागेच्या नावासाठी मात्र ताईंनी फॉन्ट घेतला नाही. हातानं काढलं, स्केचपेननं, वीस-पंचवीस वेळा. कमल शेडग्यांनी मराठी नाटकांची नावं वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींसाठी काढली ती पाहून वाढलेली ही पिढी. नाव वाचण्याआधीच नाटक हसवणार की रडवणार हे त्या अक्षरांच्या वळणावरून कळायचं. शेडगे २०२० साली गेले. ताईंनी काढलेल्या नावातला एक काना देठासारखा किंचित वाकलेला होता. काकांनी विचारलं, हा वाकडा का? काकू म्हणाल्या, देठ तो.

रंगाला एक पूर्ण दिवस गेला. स्क्रीनवरचा हापूस उजेडाचा बनलेला असतो, कागदावरचा शाईचा, आणि शाईच्या चार रंगांत स्क्रीनवरचा तो पेटलेला केशरी येतच नाही. पिवळा भरपूर आणि त्यात मजेंटा थोडा वाढवला की आंब्याऐवजी संत्रं होतं, कमी केला की लिंबू. निळ्याचा अंश चुकून शिरला तर फळ नासल्यासारखं दिसतं. आर्ट पेपरवर जमलेला रंग साध्या मॅप्लिथोवर शोषला जाऊन मातकट होतो. शेवटी मशीनमननं काकूंनी बरोबर आणलेल्या फोटोशी न जुळवता थेट स्वतःच्या आठवणीशी जुळवला. चौकोनी भिंग डोळ्याला लावून, "असाच असतो," म्हणाला. तो मूळचा राजापूरचा निघाला.

कागद किती जाड? काकांना पत्रिकेसारखा जाडजूड हवा होता, वर चकचकीत लॅमिनेशन. ताईंनी १३० जीएसएमचा मॅट सुचवला. १७०च्या वर गेलं की घडीवर आधी क्रीज मारावी लागते, नाहीतर शाई तडकते आणि घडीवर पांढरी रेघ उमटते. शिवाय चकचकीत कागदावर पेनानं लिहिता येत नाही, आणि या पत्रकावर लिहायचं होतं. मागच्या पानावर एक रिकामी चौकट ठेवली होती: 'पेटी उघडली ती तारीख'. आकारातही काटछाट झाली. छापखान्याकडं २३×३६ इंचाचा कागद पडून होता. त्यात ए४ आठ बसत नाहीत, कारण ए४ची लांबी ११.६९ इंच आणि २३चं निम्मं साडेअकरा. थोडं आखूड करून सव्वाअकरा केलं की आठ सुटतात. सगळी घडीची गणितं पुन्हा मांडावी लागली, पण कागद वाया गेला नाही.

प्रूफ वाचायला मला बसवलं. 'शुध्द' सापडलं, 'आशिर्वाद' सापडलं. ही दोन कुठल्याही पत्रकात सापडतातच, त्यांचा मला आता लळा लागला आहे. नंबर मात्र मी वाचला नाही. नंबर वाचायचा नसतो, लावायचा असतो. प्रूफवरचा आकडा पाहून फोन लावायचा आणि समोरून गिऱ्हाइकाच्या घरचा आवाज आला तरच सही करायची. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रदर्शनासाठी मी केलेल्या पाच हजार पत्रकांत दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. वाचताना तीनदा वाचला होता, तिन्ही वेळा बरोबर वाटला. कुणा अनोळखी गृहस्थांना महिनाभर गोधड्यांच्या किमतीविषयी फोन जात राहिले. आम्ही घरातले सगळे रात्री बसून स्टिकर चिकटवत होतो. आई तेव्हा काही बोलली नाही, पण पुढं कित्येक वर्षं कुठंही फोन लावताना माझ्याकडं बघायची.

एक पत्रक सगळी कामं करत नाही, हेही या खेपेला काकांना पटवावं लागलं. पहाटे पेपरच्या गठ्ठ्यात टाकायला द्यायचं पत्रक वेगळं. पेपर झटकला की ते जमिनीवर पडतं, आणि पडल्यापासून केराच्या टोपलीपर्यंत जेवढा वेळ जाईल तेवढंच त्याचं आयुष्य. त्यावर एक चित्र, एक भाव, एक नंबर, आणि पेटी कोणत्या तारखेपासून. तीन घडी तिथं फुकट. पणन मंडळाच्या आंबा महोत्सवात स्टॉलवर ठेवायचं आणखी वेगळं. तिथं माणूस आंबा हुंगत उभा असतो, त्याला डझनाचा भाव आणि घरपोच मिळेल का एवढंच हवं असतं. आणि पेटीत जाणारं हे. पेटी उघडणारा माणूस पैसे देऊन, वाट पाहून बसलेला असतो. इतकं मन लावून वाचणारा वाचक आम्हा लेखकांच्या नशिबीही क्वचित येतो. मुलगा म्हणत होता, हे सगळं व्हॉट्सॲपवर पाठवू की. पाठवावंच. पण पेटी बऱ्याचदा ऑर्डर देणारा उघडत नाही. त्याची आई उघडते, कामाला येणाऱ्या मावशी उघडतात. त्यांच्या मोबाइलवर ते आलेलं नसतं.

दोन हजार छापून झाली. हजार आणि दोन हजार यांत ऑफसेटवर फरक जवळजवळ कागदाचाच पडतो, प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च तोच. हा मोह प्रत्येकाला होतो. ताईंनी थोडीच छापा म्हणून सांगून पाहिलं. "पहिल्या वर्षी चुका निघतात, काका." काकांनी दोनच हजार घेतली.

मार्चअखेर पेट्या निघाल्या. एप्रिलमध्ये कर्वेनगरात एका मित्राकडं गेलो होतो. स्वयंपाकघराच्या दारापाशी टोपलीत आंबे, आणि फ्रिजवर चुंबकाखाली ते पत्रक, उघडं करून लावलेलं. चौकटीत निळ्या पेनानं '११ एप्रिल' लिहिलेलं. खाली कुणीतरी, बहुधा मुलीनं, रोज एक याप्रमाणं रेघा ओढल्या होत्या. सहा झाल्या होत्या. मी ते आमचं आहे असं सांगितलं नाही. फक्त मित्राच्या बायकोला विचारलं, कसे आहेत आंबे? म्हणाली, अजून दोन दिवस लागतील, कागदावर लिहिलंय.

टोपलीत गवत नव्हतं. वर्तमानपत्राचे बोळे होते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला काका-काकू पुन्हा छापखान्यात आले. बरोबर नवीन वही. समास या वर्षी बरेच रिकामे होते. 'हिरवे आले' फार थोड्यांनी म्हटलं होतं, साक्याचे फोटो आले तेही शांतपणे आले होते. पण एप्रिलपासून जवळजवळ प्रत्येक पानावर एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिलेली, आणि पुढं पुढं काकूंनी लिहायचा कंटाळा करून नुसत्या रेघा मारलेल्या.

ताईंनी पान उलटलं, मग आणखी एक, मग माझ्याकडं पाहिलं. तो शब्द मीच आग्रहानं ठेवला होता, त्याला कोकणातल्या घराचा वास आहे म्हणून.

समासात लिहिलं होतं: 'अढी म्हणजे काय?'